मर्यादित अंदाजपत्रक आणि सर्व्हर-आभासीकरण : निवडीच्या कसोट्यांची चिकित्सा

२२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेण्याचा व्यवहार पुरा केला. महिना उलटण्यापूर्वीच व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले आणि त्यांची जागा मुदतीच्या वर्गणीने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआय या हायपरव्हायजरची मोफत मिळणारी आवृत्तीही मागे घेण्यात आली. मोठ्या उद्योगसंस्थांनी या बदलास आपापल्या परीने तोंड दिले. एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी-कंपनीने तर ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयात धाव घेतली व पुढे तडजोड केली. परंतु दोन-तीन सर्व्हर, एखादा तंत्रज्ञ आणि वर्षाकाठी ठरीव अनुदान एवढेच ज्यांचे भांडवल, अशा महाविद्यालयांना, ग्रंथालयांना व संशोधनसंस्थांना वाटाघाटीचा मार्गही मोकळा नव्हता आणि न्यायालयाचाही. अशा संस्था निवड करताना हयगय करतात असे नव्हे. चार सॉफ्टवेअरांची तुलना करून जे सरस व स्वस्त दिसेल ते घ्यावयाचे, ही रीत त्या सहसा पाळतात. दोष असलाच तर तो तुलनेच्या कसोट्यांत आहे. आणि त्या कसोट्या अजूनही जशाच्या तशा वापरल्या जात असल्यामुळे त्यांची चिकित्सा आवश्यक ठरते.

प्रथम संज्ञेविषयी. 'व्हर्च्युअल' या शब्दास मराठीत 'आभासी' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे, तो फारसा समर्पक नाही. वेदान्ताच्या परिभाषेत शिंपल्याच्या ठायी जे रुपे दिसते पण नसते, तो आभास. आभासी यंत्राची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्यास स्मृतीचा व प्रोसेसरचा वाटा नेमून दिलेला असतो, त्यावर स्वतंत्र कार्यप्रणाली चालते आणि ते बंद पडले तर परीक्षेचे निकाल खरोखरच अडतात. शब्द रूढ आहे म्हणून पुढील विवेचनात तोच कायम ठेवला आहे, एवढेच.

ही कल्पना मुळात काटकसरीतूनच जन्मली, हे विसरले जाते. १९६० नंतरच्या दशकात आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात सीपी-४० व त्यापाठोपाठ सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. एकच महागडा संगणक अनेकांना असा वाटून द्यावयाचा, की प्रत्येकास आपणापाशी स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे काम करता यावे, हा त्यांमागील हेतू होता. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्रांच्या नियंत्रकाची तीन लक्षणे सांगितली. आभासी यंत्रावर चालणारी आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालावी तशीच चालली पाहिजे. यंत्राच्या साधनसामग्रीवर पूर्ण ताबा नियंत्रकाचा असला पाहिजे. आणि बहुसंख्य आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीवाचून थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. वैयक्तिक संगणकांत रूढ झालेल्या इंटेलच्या प्रोसेसर-परंपरेत ही लक्षणे सहजासहजी साधत नसत. कारण काही आज्ञा नियंत्रकाच्या हाती न सापडता निमूटपणे वेगळेच उत्तर देऊन मोकळ्या होत. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालू असतानाच बदलून लिहिण्याची युक्ती यशस्वी केली, आणि तिचे वर्चस्व या युक्तीवर उभे राहिले. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन हा प्रकल्प पुढे आला. त्याने पाहुण्या कार्यप्रणालीतच बदल करून तीच अडचण ओलांडली. परंतु २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी आभासीकरणाची सोय प्रत्यक्ष प्रोसेसरमध्येच आणली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा घटक लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. तेव्हापासून पोपेक-गोल्डबर्ग यांची तिन्ही लक्षणे कोणत्याही नावाजलेल्या हायपरव्हायजरास साधतात. याचा अर्थ असा, की तांत्रिक गुणवत्ता ही कसोटी लहान संस्थेपुरती तरी निर्णायक राहिलेली नाही.

तरीसुद्धा निवडीविषयीचे रूढ लेखन याच कसोटीभोवती घोटाळत असते. एका आभासी यंत्रास जास्तीत जास्त किती प्रोसेसर देता येतात, किती सर्व्हर एका समूहात गुंफता येतात, असे रकाने असलेले तक्ते त्यात आढळतात. ज्या विभागापाशी सगळे मिळून अठ्ठेचाळीस कोअर आहेत त्यास शेकड्यांतील कमाल मर्यादांशी काय कर्तव्य? तक्त्याच्या शेवटी किमतीचा एक रकाना असतो व त्यात कोठे आकडा, कोठे 'मोफत' हा शब्द असतो. अल्प अंदाजपत्रकाच्या वाचकाची नजर स्वाभाविकपणे याच शब्दावर खिळते. आणि खरा घोटाळा याच शब्दात आहे.

'मोफत' या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न संबंध झाकले जातात. मराठी अमदानीतील जमीनधारणेत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. दोघेही तीच माती कसत. परंतु मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे, त्याने गाव सोडले तरी परत येऊन जमिनीवर दावा सांगण्याची त्यास सोय असे, आणि उपऱ्यास तसा आधार नसे. ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती वापरणारा या अर्थाने उपरी होता. २००८ मध्ये व्हीएमवेअरने ती देऊ केली, २०२४ मध्ये ब्रॉडकॉमने काढून घेतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा देऊ केली. तीनही निर्णय देणाऱ्याच्या मर्जीने झाले. त्या देणगीतही एक मेख होती. बॅकअप घेणारी अन्य सॉफ्टवेअरे ज्या मार्गाने हायपरव्हायजराशी बोलतात तो मार्ग मोफत आवृत्तीत पुरता खुला नव्हता. ज्या संस्थेस पैशाची चणचण, तिलाच बॅकअपसाठी आडमार्ग शोधावे लागत. मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही सर्व्हर ही मोफत आवृत्तीही अशाच कोटीतील. २०१९ ची आवृत्ती ही तिची शेवटची आवृत्ती ठरली, आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत जानेवारी २०२९ मध्ये संपते.

पैसे मोजून घेतलेला परवानाही या दृष्टीने निर्धोक नसतो. २०११ मध्ये व्हीएमवेअरने आपल्या पाचव्या आवृत्तीबरोबर आभासी यंत्रांना दिलेल्या स्मृतीवर आकारणी सुरू केली होती. ओरड झाल्यावर मर्यादा सैल केल्या आणि पुढील वर्षी ती पद्धतच सोडून दिली. तो प्रसंग बहुतेकांनी विसरण्यापुरताच लक्षात ठेवला! २०१९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने जाहीर केलेली हकीकत विद्यापीठांना अधिक जवळची वाटावी. मायक्रोसॉफ्टने सर्नचा शैक्षणिक संस्था हा दर्जा काढून घेतल्यामुळे परवान्यांचा खर्च दसपटीहून अधिक वाढणार होता, आणि म्हणून त्या संस्थेस पर्यायी सॉफ्टवेअरचा शोध हाती घ्यावा लागला. सवलतीचा दर म्हणजे देखील शेवटी उपऱ्याचीच वहिवाट.

मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर घेणारा मिरासदार ठरतो काय? पुष्कळ अंशी ठरतो. झेनवर आधारलेल्या झेनसर्व्हरचे उदाहरण येथे बोलके आहे. सिट्रिक्स कंपनीने २०१३ मध्ये त्याचा मूळ मजकूर खुला केला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मोफत आवृत्तीतून काही महत्त्वाच्या सोयी काढून घेतल्या. वरकरणी हा ईएसएक्सआयचाच प्रकार झाला. परंतु मूळ मजकूर खुला असल्यामुळे २०१८ मध्ये फ्रान्समधून एक्ससीपी-एनजी हा प्रकल्प त्याच पायावर उभा राहिला, आणि वापरणाऱ्यांना आपली यंत्रे फारशी न मोडता तिकडे नेता आली. हक्क कागदावर होता म्हणून तो बजावता आला.

तथापि मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते येथून पुढे जे अनुमान काढतात ते मान्य करता येत नाही. हक्क मिळाला म्हणजे मशागत होतेच असे नाही. ओव्हर्ट हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मुक्त होते, आजही आहे. परंतु त्यामागील मुख्य आश्रयदाती रेड हॅट ही कंपनी. तिने आपले लक्ष ओपनशिफ्टकडे वळविल्यावर ओव्हर्टची उमेद खचली. परवान्याचा एक शब्दही बदलला नाही, आणि तरीही नव्याने निवड करणाऱ्याने त्याजकडे वळावे असे म्हणवत नाही. दुसरी बाजू घरच्या श्रमांची. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय सर्व्हरांवर खंडणीखोरांचा जो मोठा हल्ला झाला व हजारो सर्व्हरांवरील यंत्रे कुलूपबंद झाली, तेव्हा त्यात वापरल्या गेलेल्या दोषावरील दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेली होती, असे तपासणाऱ्यांनी दाखवून दिले. सॉफ्टवेअर मुक्त असो वा बंदिस्त, दुरुस्ती बसविणारा माणूस नसेल तर परिणाम एकच. 'मोफत'च्या रकान्याशेजारी या माणसाच्या वेतनाचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

व्हिएन्नातील कंपनीने २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर सध्या लहान संस्थांच्या चर्चेत अग्रभागी आहे, त्याचा विचार याच प्रकाशात करावयास हवा. त्याच्या पोटात केव्हीएम आहे, परवाना मुक्त आहे, सोयी पूर्ण आहेत. पैसे आकारले जातात ते प्रोसेसरच्या सॉकेटमागे वार्षिक वर्गणीने, अधिक पारखलेल्या दुरुस्त्यांसाठी व साहाय्यासाठी. वर्गणी न भरणाऱ्यासही दुरुस्त्या मिळतात, मात्र त्या तितक्या पारखलेल्या नसतात. हा व्यवहार सचोटीचा आहे. वर्गणी थांबली तर मदत थांबते, यंत्रे थांबत नाहीत. व्हीएमवेअरच्या नव्या पद्धतीत मुदत संपली की वापरण्याचा हक्कच संपतो. या दोन वाक्यांतील अंतर किमतीच्या आकड्यात कधीही दिसणार नाही.

आता आकारणीच्या एककाकडे वळणे प्राप्त आहे, कारण लहान संस्थेचे नुकसान बहुधा तेथे दडलेले असते. व्हीएमवेअरची वर्गणी कोअरमागे असते व प्रत्येक प्रोसेसरचे किमान सोळा कोअर धरले जातात. एखाद्या विभागापाशी तीन जुने सर्व्हर आहेत, प्रत्येकात आठ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत, असे समजू. प्रत्यक्षात कोअर अठ्ठेचाळीस. आकारणी मात्र शहाण्णवांची. जुन्या सामग्रीवर भागविण्याची काटकसर अशा रीतीने दुप्पट दंडास पात्र ठरते. विंडोजचे गणित आणखी निराळे. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरचे सर्व कोअर, निदान सोळा, परवान्याखाली आणले की त्यावर दोन विंडोज आभासी यंत्रे चालविण्याचा हक्क मिळतो; आणखी दोन हवी असतील तर सर्व कोअरांचा परवाना पुन्हा घ्यावयाचा. दहा यंत्रांस पाच वेळा. डेटासेंटर आवृत्तीत संख्येची मर्यादा नाही, पण यादीतील किंमत सुमारे सहापट. तेव्हा एका सर्व्हरवर बाराच्या आसपास विंडोज यंत्रे झाल्यावाचून ती परवडत नाही. लक्षात ठेवावयाची गोष्ट ही, की हा परवाना पाहुण्या विंडोजचा असल्यामुळे तो खालचा हायपरव्हायजर कोणताही असला तरी चुकत नाही. म्हणून ज्या संस्थेची बहुतेक यंत्रे विंडोजची आहेत तिला हायपर-व्ही खरोखरच वेगळा खर्च न करता मिळतो, आणि ज्या संस्थेची सर्व यंत्रे लिनक्सची आहेत तिने हायपर-व्हीसाठी विंडोज विकत घेणे हा शुद्ध अपव्यय होय. मुक्त सॉफ्टवेअरच्या भरात पहिल्या प्रकारच्या संस्थेसही प्रॉक्समॉक्स घ्यावयास सांगणारे सल्लागार हा भेद पाहात नाहीत. तसे पाहिल्यास एखाद्या उपकरणाच्या किंवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा विक्रेता व्हीएमवेअरवाचून साहाय्यच देत नसेल, तर तेथे व्हीएमवेअर टिकविणेही समर्थनीय ठरू शकेल. परंतु तेवढ्या एका यंत्रापुरते.

निवडीच्या चर्चेत सॉफ्टवेअरास जेवढी जागा मिळते तेवढी सर्व्हरांच्या मांडणीस मिळत नाही, हा आणखी एक विपर्यास. समजा, एकूण ३८४ जीबी स्मृती घेण्याइतके पैसे आहेत. १९२ जीबीचे दोन सर्व्हर घेतले, तर एक बंद पडला असता उरलेल्यावर सारा भार पडावयाचा. म्हणजे वापरावयाची मर्यादा १९२. त्याच स्मृतीचे १२८ जीबीचे तीन सर्व्हर घेतले तर ही मर्यादा २५६ होते. तिसऱ्या सर्व्हरचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. दोन सर्व्हरांमधील दुवा तुटला की प्रत्येकास दुसरा मेला असे वाटते. दोघांनीही तेच यंत्र त्याच डिस्कवरून चालू केले तर माहितीचा नाश होतो. म्हणून बहुमतावाचून कोणी यंत्र चालू करावयाचे नाही असा नियम असतो, आणि दोघांच्या सभेत बहुमत कसे व्हावयाचे? तिसरे मत एखाद्या साध्या जुन्या संगणकाचेही चालते, पण ते असावेच लागते. विंडोजची यंत्रे असतील तर मात्र ही मांडणी महाग पडते. यंत्र ज्या ज्या सर्व्हरवर जाऊ शकेल त्या प्रत्येकावर त्याचा परवाना असावा लागतो. अशा वेळी कोणती यंत्रे खरोखर हलावयास हवीत हे आधी ठरविले पाहिजे.

साठवणुकीच्या बाबतीतही सवयीने मोठ्या संस्थांचे अनुकरण होते. स्वतंत्र साठवण-पेटी घेतली की अंदाजपत्रकाचा मोठा लचका जातो, आणि तीन सर्व्हर एका पेटीच्या भरवशावर राहतात. सेफ या वितरित पद्धतीत निदान तीन सर्व्हर व जलद जाळे लागते, आणि प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवल्यामुळे १२ टीबीच्या डिस्कांत ४ टीबीच काय ते हाती येते. तिसरा मार्ग साधा आहे. प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर झेडएफएस वापरावयाचे व ठरावीक काळाने यंत्राची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवावयाची. प्रॉक्समॉक्समध्ये हा काळ मुळात पंधरा मिनिटांचा ठेवलेला असतो. सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या पंधरा मिनिटांचे काम जाईल. प्रवेशप्रक्रियेच्या ऐन दिवसात हे सोसणार नाही. प्रबंधांच्या संग्रहास सहज सोसेल. हा प्रश्न तंत्रज्ञाचा नव्हे, विभागप्रमुखाचा आहे, आणि तो त्यास कोणी विचारीत नाही. शिवाय दुसऱ्या सर्व्हरवरील प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाईल पंधरा मिनिटांत दोन्हीकडे पुसली जाते. बॅकअप निराळ्या यंत्रावर, शक्य तर निराळ्या इमारतीत असावयास हवा.

विद्यापीठांच्या संदर्भात या साऱ्याचा निकाल अखेर अनुदानाच्या शीर्षांवर लागतो. आपल्याकडे अनावर्ती आणि आवर्ती असे खर्चाचे दोन भाग असतात. सर्व्हर व कायमस्वरूपी परवाने अनावर्ती खर्चात बसत. प्रकल्प संपला तरी ते मागे उरत. वर्गणी ही आवर्ती बाब आहे. तीन वर्षांचा प्रकल्प संपतो, आवर्ती शीर्ष बंद होते, आणि संशोधकांनी जमविलेली माहिती ज्या यंत्रांत आहे ती यंत्रे चालविण्याचा हक्क चौथ्या वर्षी उरत नाही. व्हीएमवेअरच्या बदलाने भारतीय विभागांचे जे नुकसान झाले ते दरवाढीइतकेच या शीर्षबदलामुळे झाले. खरेदीची रूढ पद्धत या बाबतीत आंधळी आहे. तांत्रिक अटी पुऱ्या करणाऱ्यांत किमान दराची निविदा स्वीकारली जाते, आणि तो दर पहिल्या खरेदीचा असतो. भारत सरकारच्या २०१५ च्या मुक्त सॉफ्टवेअरविषयक धोरणाने निविदेत मुक्त पर्यायाचा विचार व्हावा असे सांगितले, ते योग्यच. परंतु तेथेही पाचव्या वर्षीचा खर्च आणि बाहेर पडण्याचा खर्च हे रकाने निविदेत आपोआप येत नाहीत. ते घालणे खरेदी-समितीच्या हाती आहे.

बाहेर पडण्याचा खर्च आगाऊ अजमावता येतो. एक महत्त्वाचे यंत्र निवडावे, ते नियोजित प्रणालीवर चालू करावे, मग त्याची डिस्क दुसऱ्या प्रणालीच्या स्वरूपात बदलून तेथे चालू करावी, आणि लागलेले तास मोजावेत. एप्रिल २०२४ च्या आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरील यंत्रे थेट आणण्याची सोय आली, आणि तिचे मोठे स्वागत झाले. येण्याची वाट रुंद झाली. जाण्याची किती रुंद आहे, हे त्या स्वागतात फारसे कोणी विचारले नाही. डिस्कांपुरते उत्तर समाधानकारक आहे, कारण केव्हीएमच्या सोबतीचे क्यूईएमयू हे साधन त्या व्हीएमवेअरच्या वा हायपर-व्हीच्या स्वरूपात बदलून देते. जाळ्याची रचना, बॅकअपचे वेळापत्रक आणि कोणास कोणते अधिकार दिले आहेत ही माहिती मात्र डिस्कबरोबर जात नाही. ती बहुतेक ठिकाणी एकाच कंत्राटी तंत्रज्ञाच्या डोक्यात असते, आणि त्याच्या नेमणुकीची मुदत अकरा महिन्यांची असते.